बिनकेसांच्या कुत्र्याची कार्यशाळा, गंगापूर रोड: रविवारचेच पैसे भरा

शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची कार्यशाळा आहे, फी दोन्ही दिवसांची मिळून २८०० रुपये, एकच दिवस करायचा असेल तर १६००, आणि माझं मत आधीच सांगून टाकते, शनिवारी घरी आराम करा आणि रविवारी जा. शनिवारी चित्र असतं, रविवारी माती. विषय दोन्ही दिवस एकच, मेक्सिकोचा बिनकेसांचा कुत्रा, तिकडे त्याला शोलोइत्झ्क्विंत्ली म्हणतात, लाडाने नुसतं शोलो. स्टुडिओचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे थोडं वाकडंही बोलायचंय, गंगापूर रोडने येता-जाता ज्यांनी ते पोस्टर बघितलंय त्यांना कळेलच.

पोस्टरवर मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा काहलो हिचा चेहरा, डोक्यात ढीगभर फुलं, मांडीवर काळाभोर कुत्रा आणि खाली मोठ्या अक्षरात 'फ्रिदाच्या सोबत्याला भेटा'. माझी भाची अकरावीला आहे आणि वर्षभर घरात फ्रिदा सोडून दुसरं नाव नाही, त्यामुळे मावशी चल ना, मावशी चल ना करून तिने मला ओढत नेलं. भेटा वगैरे काही नाही, शोलो नाशिकमध्ये कुठून येणार, ते फक्त पोस्टरपुरतं. पण पैसे घेताना 'लाइव्ह मॉडेल असेल' असं फोनवर सांगितलं होतं हे मी इथे नोंदवून ठेवते.

शनिवारची सुरुवात खरं तर चांगली होती. शिकवणाऱ्या मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवली, त्यात फ्रिदाचं १९३८ च्या आसपासचं ते चित्र, ज्यात ती खुर्चीत बसलीये, हातात सिगरेट आणि पायाशी इतकुसा कुत्रा, एवढा लहान की तिच्या घेरदार परकराशेजारी तो पटकन दिसतसुद्धा नाही. आणि मग १९४९ चं ते मोठं प्रसिद्ध चित्र, ज्याच्या लांबलचक नावातच कुत्र्याचं नाव आहे, सेन्योर शोलोत्ल. विश्वाने पृथ्वीला मिठी मारलीये, पृथ्वीने फ्रिदाला, फ्रिदाने नवऱ्याला म्हणजे दिएगो रिव्हेराला बाळासारखं मांडीवर घेतलंय आणि या सगळ्या पसाऱ्यात खाली हा कुत्रा अंगाची गुंडाळी करून खुशाल झोपलाय. सेन्योर म्हणजे आपलं श्रीयुत. आता घरच्या कुत्र्याला श्रीयुत म्हणणारी बाई, आणि त्याला देवाचं नाव देणारी, कारण शोलोत्ल हा तिकडचा जुना देव, कुत्र्याच्या तोंडाचा, क्वेत्झाल्कोआत्ल या तिकडच्या मोठ्या देवाचा जुळा भाऊ, मेलेल्यांना पाताळाची वाट दाखवणारा. म्हणजे त्या चित्रात तो काही गोड दिसावा म्हणून कोपऱ्यात घातलेला नाहीये, तो तिथे ड्युटीवर आहे.

हे सगळं मॅडमना माहीत होतं. दाखवलं, छान सांगितलं. मग दिवे लावले आणि प्रत्येकाच्या हातात छापील आउटलाइन दिली, फ्रिदा, फुलं, कुत्रा, आता यात ॲक्रिलिक भरा. अहो! पुढचा सगळा वेळ पंचवीस-तीस माणसं एकच चित्र रंगवत बसली. इंटरमिजिएटची परीक्षा दिलेल्या कुठल्याही पोराला हे घरी बसून जमेल. त्यातही फुलांना आठ रंगांच्या बाटल्या आणि कुत्र्याला एक काळी, कारण 'तो प्लेनच आहे ना, पटकन होईल'. इथेच माझं डोकं फिरलं. प्लेन? ज्या कुत्र्याच्या अंगावर केस नाहीत त्याच्या अंगावरच तर सगळं दिसतं, कपाळाच्या सुरकुत्या, कोपराजवळची चुणी, पातळ कानातून आरपार येणारा उजेड, कातडीचा रंगही एक नाही, स्लेटी असतो, तपकिरी असतो, तांबूस असतो, मधेच ठिपके. काळी बाटली ओतून मोकळं व्हायचं तर फ्रिदाच्या केसांसाठी काळा वापरा की.

एक-दोन गोष्टी चुकीच्याही सांगितल्या. शोलोच्या अंगाचं तापमान बाकी कुत्र्यांपेक्षा जास्त असतं म्हणे. नसतं हो. बाकी कुत्र्यांइतकंच असतं, ३८-३९ अंश सेल्सियसच्या आसपास, फक्त मधे केसांचा थर नसल्याने हाताला ती ऊब थेट लागते. म्हणून तर तिकडे सांधे दुखणारी माणसं हे कुत्रे अंगाशी घेऊन झोपायची ही जुनी रीत. दुसरं म्हणजे सगळे शोलो बिनकेसांचे असतात असं सांगितलं, तेही नाही, एकाच वेतात काही पिल्लं केसाळ निघतात आणि तीही शोलोच. तीन आकारांत मिळतात, टॉय, मिनिएचर आणि स्टँडर्ड, सगळ्यात छोटा २५ सेंटीमीटरपासून सुरू आणि मोठा ६० सेंटीमीटरपर्यंत उंच, हे मात्र बरोबर सांगितलं.

दातांचा विषय तर काढलाच नाही, आणि माझ्या मते चित्र काढणाऱ्याला सगळ्यात आधी तोच सांगायला हवा. २००८ साली संशोधकांनी दाखवून दिलं की केस नसण्यामागे फॉक्सआयथ्री नावाच्या एका जनुकातला बिघाड आहे, आणि तोच बिघाड दातांवरही परिणाम करतो, त्यामुळे बिनकेसांच्या शोलोला दाढांच्या पुढचे बरेच दात नसतातच. दात नाहीत तर जीभ आत धरून ठेवायला काही नाही, ती बाजूने बाहेर लोंबते. पिक्सारच्या त्या मेक्सिकोवाल्या ॲनिमेशन सिनेमात जीभ लोंबकळणारा वेडा कुत्रा पोरांनी बघितलाय ना, ती जीभ गंमत म्हणून काढलेली नाही, ते शरीरशास्त्र आहे. आणि उत्खननात कवट्या सापडतात तेव्हा हा कुत्रा केसाळ होता की बिनकेसांचा हे शास्त्रज्ञ दातांवरूनच ओळखतात, केस काय जमिनीत टिकतात थोडेच. हे ऐकलं असतं तर पंचवीस जणांपैकी निदान पाच जणांनी तोंड तरी नीट काढलं असतं.

तर शनिवार असा. पाचपैकी दोन, तेही स्लाइड्ससाठी.

आता रविवार. रविवारी मॅडम मागे बसल्या आणि पंचवटीतले एक मूर्तिकार काका आले, पिढीजात गणपती करणारे, हातावरची माती कायम वाळलेली. त्यांना फ्रिदा कोण माहीत नव्हतं, मेक्सिको माहीत होतं ते फुटबॉलमुळे. त्यांना शोलोचा फोटो दाखवला तर पहिला प्रश्न, "याला लूत लागलीय का?" सगळा हॉल हसला पण प्रश्न रास्त होता, आपल्या गल्लीत केस गेलेलं कुत्रं दिसलं की आपण तेच म्हणतो आणि दगड उचलतो. मॅडमनी सांगितलं की काका, हा जन्मतःच असा असतो. काकांनी फोटो परत हातात घेतला, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मग तर अवघड आहे. केसाळ कुत्रा करताना चुकलं तर कोरणीने चार रेघा ओढायच्या, झाले केस, चूक गेली आत. याच्यात चूक लपवायला जागाच नाही." बस, मला अख्ख्या दोन दिवसांचे पैसे या एका वाक्यात वसूल झाले. कलाकारांना हा कुत्रा का भावला याची डॉक्युमेंटरीवाली मंडळी देशाभिमान, देवबिव, संस्कृती अशी दहा कारणं देतात आणि ती खरीही आहेत, पण हे हाताचं कारण कुणी सांगत नाही.

आणि ही माझीच थिअरी नाही, दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभारांची आहे. पश्चिम मेक्सिकोत कोलिमा नावाचा प्रांत आहे, तिथे खोल विहिरीसारखी थडगी सापडली, साधारण इसवीसनपूर्व ३०० ते इसवीसन ३०० या काळातली, आणि त्यांत प्रेतासोबत ठेवलेले मातीचे कुत्रे. लाल रंगाचे, गरगरीत पोटाचे, आखूड पायांचे. कुणी झोपलंय, कुणी भुंकतंय, दोघं समोरासमोर नाचतायत, एकाने तर चक्क माणसाचा मुखवटा घातलाय. आतून पोकळ, आणि बऱ्याच जणांना शेपटीशी किंवा डोक्यावर तोटी, म्हणजे भांडंसुद्धा. काकांकडे यांचे मोठे कलर प्रिंट होते आणि अख्खी सकाळ त्यांनी आम्हाला तेवढंच बघायला लावलं. माती हातात नंतर.

मातीला बसल्यावर पहिला घोटाळा सगळ्यांचाच सारखा झाला, सगळ्यांनी कुत्र्याला खऱ्या कुत्र्याचे लांब बारीक पाय केले, पोट ठेवलं आणि पाय बसले. भाचीने तीन वेळा उभा केला, तिन्ही वेळा लोळला. काका फिरत फिरत आले, तिच्या कुत्र्याचे चारही पाय चिमटीने तोडून टाकले (ती रडायच्या बेतात), आणि चार आखूड जाड गोळे खाली लावले. म्हणाले, "बेटा, त्या लोकांना कुत्र्याचे पाय ठाऊक नव्हते असं नाही. मातीला ठाऊक होतं तिला काय झेपतं." अभ्यासक लोक त्या गुबगुबीत कुत्र्यांवरून वाद घालतात, की ते खायला पोसलेले होते म्हणून जाड, कारण त्या काळी तिकडे कुत्रा खाल्लाही जायचा हे खरंच आहे, की पुढच्या प्रवासाचे सोबती म्हणून असे भरल्या पोटी केले. असेल बाबा, पण निदान पायांचं उत्तर तरी मला त्या दिवशी मिळालं.

पोकळ का करायचं तेही तिथेच कळलं. मातीचा भरीव गोळा भट्टीत टाकला की आतल्या ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नाही, आणि तो फुटतो, सोबत शेजारच्यालाही घेऊन जातो. त्यामुळे वर्तमानपत्राचा बोळा, त्याच्याभोवती मातीची पोळी, आणि पोटाखाली एक भोक. कागद आत जळून जातो. शाडू इथे चालत नाही, शाडू काकांच्या रोजच्या हाताची पण ती भाजायची माती नव्हे, म्हणून टेराकोटाची वेगळी माती आणलेली. मग वरून लाल मातीचा पातळ हात, आणि तो अर्धवट सुकला की नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटायचं. घोटायचं म्हणजे घोटायचं, मनगट दुखेपर्यंत. कोलिमाच्या कुत्र्यांवर ती जी चकाकी आहे ती रंगाची नाही, घोटाईची आहे. आणि मजा अशी की घोटता घोटता ती माती खरोखर कातडीसारखी दिसायला लागते, ओलसर, ताणलेली. शनिवारची ॲक्रिलिकची काळी बाटली आठवून मी पुन्हा एकदा चिडून घेतलं.

लाइव्ह मॉडेलची भरपाईही रविवारीच झाली, तीही योगायोगाने. दिंडोरीकडचा एक मुलगा आपला कारवान घेऊन आला होता, तोच आपला दख्खनचा शिकारी कुत्रा, केस अगदी आखूड, अंग सगळं हाडं आणि दोऱ्या. काकांनी त्याला टेबलावर उभं केलं आणि एकेकाला बोलावून खांद्यावर हात ठेवायला सांगितला, डोळे मिटून. खांद्याचं पान कुठे सुरू होतं, चालताना ते बरगडीवरून कसं सरकतं, कोपराच्या मागे कातडी कशी सैल आहे. कुत्रा बिचारा इतका शहाणा की उभा राहिला, फक्त माझ्या भाचीच्या हाताला लाडूचा वास येत होता तेवढा तिथे जीभ फिरवून घेतली. हे सेशन मूळ वेळापत्रकात नव्हतं. आयोजकांनी ते घालावं, आणि शोलोचं नाव पोस्टरवर लावायचंच असेल तर लावा पण 'भेटा' काढा.

जेवणाच्या सुट्टीत विषय थडग्यांवर गेला. मॅडमनी सांगितलं की तिकडच्या समजुतीप्रमाणे मेल्यावर आत्म्याला मिक्त्लानला म्हणजे पाताळात जायला चार वर्षं लागतात आणि वाटेत एक रुंद नदी, ती कुत्र्याच्या आधाराने ओलांडायची. सोळाव्या शतकात साहागुन नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने हे सगळं लिहून ठेवलंय, आणि त्यातला तपशील मला फार आवडला, पांढरा कुत्रा म्हणतो मी आत्ताच अंघोळ केलीये, मी नाही येत, काळा म्हणतो मी आत्ताच अंगाला काळं लावलंय, मीही नाही, आणि शेवटी पिवळसर रंगाचा तेवढा पाठीवर घेऊन पलीकडे नेतो. काका पंचवटीचे, रोज रामकुंडावरून येणारे-जाणारे, त्यांना यात नवल काहीच वाटलं नाही. म्हणाले आपल्याकडे वैतरणीला गायीचं शेपूट धरतात, त्यांच्याकडे कुत्र्याचं, नदी तर दोन्हीकडे आहेच. मग कुणी धर्मराजाच्या कुत्र्याचं काढलं, कुणी यमाच्या चार डोळ्यांच्या दोन कुत्र्यांचं, एका आजींनी दत्ताचे चार कुत्रे आणले, खंडोबाचा राहिला म्हणून मी आणला, आणि पोळीभाजी खात खात आमची चांगली मैफल झाली. रस्त्यावरच्या कुत्र्याला मात्र आपण हाडच म्हणतो, हेही त्या आजीच म्हणाल्या.

आता वाकडं बोलायचं ते. दुपारी हॉलच्या बाहेर एक माणूस 'एक्झॉटिक ब्रीड' असं छापलेली कार्डं वाटत होता आणि शोलोचं पिल्लू मागवून देतो म्हणत होता, किंमत ऐकून माझ्या हातातला चहा हलला. मोबाइलवर जे फोटो दाखवत होता त्यातल्या कुत्र्यांना डोक्यावर झुलपं आणि पायांवर लांब रेशमी केस, म्हणजे तो सरळ सरळ चायनीज क्रेस्टेड. दोघांच्यात जनुकातला बिघाड एकच असला तरी कुत्रे वेगळे. भाचीसारखी पोरं डोळे मोठे करून ऐकत होती. आयोजकांनी त्याला आत घेतलं नाही पण हाकललंही नाही, आणि विचारल्यावर 'आमचा काही संबंध नाही' म्हणाले. जिथे दोन दिवस एका कुत्र्याचं कौतुक चाललंय तिथे दाराशी हा धंदा चालू द्यायचा नसतो एवढं कळायला हवं.

बरं, घेऊन करणार काय? नाशिकचा उन्हाळा चाळिशीला टेकतो, बिनकेसांची कातडी उन्हात भाजते, सनस्क्रीन लावा, दुपारी बाहेर काढू नका, तेलकटपणाने मुरमं येतात ती पुसत बसा. हिवाळ्यात इकडे निफाडच्या थंडीच्या बातम्या येतात तेव्हा त्याला स्वेटर. जुन्या मेक्सिकन घरात जो कुत्रा पांघरूण म्हणून वापरला त्याला इथे तुम्ही पांघरूण घालत बसणार. शिवाय बिनकेसांचा हा गुण जनुकाच्या एका बिघडलेल्या प्रतीने येतो, दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर पिल्लू जन्मतच नाही, त्यामुळे याचं ब्रीडिंग म्हणजे ऐऱ्यागैऱ्याने गॅरेजमध्ये करायचं काम नव्हे. सोबतीला कुत्रा हवा असेल तर आपल्या गल्लीत भरपूर आहेत.

मॅडमनी एक वाक्य मात्र फार सोपं करून टाकलं, की फ्रिदा आणि दिएगोने ही जात वाचवली. त्यांनी तिला मान दिला, मेक्सिकोतल्या क्रांतीनंतरच्या त्या पिढीने स्पॅनिश लोकांच्या आधीचं जे जे होतं ते डोक्यावर घेतलं, त्यात हा कुत्राही आला, रिव्हेराने तर जुन्या मूर्ती हजारोंनी जमवल्या आणि त्यांच्यासाठी आनाहुआकाली नावाचं दगडी संग्रहालय बांधायला घेतलं जे त्याच्या मागे १९६४ ला पुरं झालं. पण कुत्रा जगला तो १९५४ साली नॉर्मन पेल्हम राइट नावाच्या इंग्रज गृहस्थाने आणि त्याच्या सोबतच्या लोकांनी मेक्सिकोच्या गेरेरो प्रांताकडची आडवळणाची खेडी पालथी घालून चांगले नग शोधून आणले म्हणून, आणि १९५६ ला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आणि त्या खेड्यांत तो सापडला म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांनी तो इतकी शतकं न लिहिता न रंगवता सांभाळला होता. त्यांचंही एखादं नाव स्लाइडवर यायला हरकत नव्हती.

भाचीचं मत वेगळं आहे हेही लिहिते, नाहीतर घरात भांडण. तिला शनिवारही आवडला, तिने आउटलाइन उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःचं चित्र काढलं, फुलं नाहीतच, नुसता कुत्रा आणि त्याची जीभ. मॅडमनी ते बघून वाहवा केली, अडवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. म्हणजे ज्याला आधीपासून हात आहे त्याला शनिवारीही काहीतरी मिळेल, बाकीच्यांनी रविवार.

रविवारला माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो पंख्यांसाठी, हॉलच्या मागच्या अर्ध्या भागात पंखेच नाहीत आणि माती कोरडी पडू नये म्हणून एसी बंद. पार्किंग फक्त टू-व्हीलरला आहे, गाडी आणाल तर गल्लीत लावा आणि नशिबावर सोडा. चहा दोनदा मिळतो, बरा असतो, जेवण आपलं आपण. ॲप्रन देतात म्हणतात पण संपतात, जुना शर्ट घालून जा. माती, कोरणी, गोटे फीमध्ये येतात, भट्टीचे मात्र एका नगाला १५० रुपये वेगळे आणि हे पावती फाडून झाल्यावर सांगतात, तेव्हा आधीच विचारा. नग आठ-दहा दिवसांनी मिळतो. आणि पोटाखालच्या भोकाशेजारी कोरणीने आपली आद्याक्षरं खोल कोरून ठेवा, चिकटवलेल्या चिठ्ठ्या भट्टीत जळून जातात आणि मग चाळीस लाल कुत्र्यांतून आपला शोधत बसायची वेळ येते, आमच्या बॅचच्या दोन बायका एकाच कुत्र्यावर हक्क सांगून अजून बोलत नाहीत.